फर्नेसशेजारचा इलेक्ट्रॉनिक एअर क्लीनर : धुणं, तपासणं आणि बिघाड शोधणं

अमेरिकेत किंवा कॅनडात थोडं जुनं घर घेतलं की बेसमेंटमध्ये फर्नेसला लागून, रिटर्न डक्टमध्ये (घरातली हवा फर्नेसकडे परत आणणाऱ्या पत्र्याच्या नळात) बसवलेला एक पत्र्याचा चपटा डबा बऱ्याच ठिकाणी सापडतो. त्यावर एक स्विच, एक बारीक दिवा, कधी एक ‘टेस्ट’ बटण, आणि हनीवेल, ट्रायॉन, कॅरियर, लेनॉक्स असं एखादं नाव. घर दाखवताना त्याला सरसकट ‘फिल्टर’ म्हटलं जातं आणि नवा मालक तो पुढची पाच वर्षं उघडतही नाही.

कागदी फिल्टर भरला की हवा अडते, वरच्या खोल्यांत वारा कमी येतो, ब्लोअरचा, म्हणजे फर्नेसमधल्या पंख्याचा, आवाज बदलतो. म्हणजे फिल्टर स्वतःच तक्रार करतो. हा डबा म्हणजे इलेक्ट्रॉनिक एअर क्लीनर, आणि या यंत्राचं तसं नाही. याच्या पत्र्यांमध्ये साधारण पाव इंचाच्या मोकळ्या फटी असतात. यंत्र उत्तम चालत असो, मळलेलं असो की बंद पडलेलं असो, हवा जवळपास तेवढीच वाहते. फरक एवढाच की बंद पडल्यावर धूळ जशीच्या तशी घरात परत येते, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. त्यामुळे सेल (धूळ पकडणारे, बाहेर काढता येणारे आतले भाग) धुण्याइतकंच यंत्र खरोखर काम करतंय का हे पाहत राहणं महत्त्वाचं आहे.

आत काय असतं

रिटर्न डक्टमधून येणारी हवा आधी प्रीफिल्टरमधून जाते. ही ॲल्युमिनियमची जाळी. केस, लोकर, मोठा कचरा अडवण्यापुरती. मग येतात सेल. १६ × २५ किंवा २० × २५ इंची यंत्रात बहुधा दोन सेल शेजारी-शेजारी बसतात. सेलच्या तोंडाशी केसासारख्या बारीक टंगस्टनच्या तारा ताणलेल्या असतात. त्यांवर मॉडेलनुसार साधारण ६ ते ८ हजार व्होल्टचा डीसी दाब असतो. जवळून जाणाऱ्या धुळीच्या कणांवर तिथे विद्युतभार चढतो. मागे ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची रांग असते: एक पत्रा भारित, एक अर्थ केलेला (जमिनीशी जोडलेला), पुन्हा एक भारित. भार चढलेली धूळ अर्थ केलेल्या पत्र्याला जाऊन चिकटते. तारांतून पत्र्यांत, या क्रमानेच हवा जायला हवी. म्हणून प्रत्येक सेलवर हवेच्या दिशेचा बाण छापलेला असतो.

कारखान्यांच्या धुराड्यांसाठी हे तत्त्व फ्रेडरिक कॉट्रेल यांनी कॅलिफोर्नियात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वापरलं. १९३० च्या दशकात वेस्टिंगहाऊसमध्ये गेलॉर्ड पेनी यांनी आधी भार चढवायचा आणि मग गोळा करायचं अशी दोन टप्प्यांची रचना केली. घरातली यंत्रं त्याच रचनेवर चालतात. ट्रेनच्या क्लीनइफेक्ट्ससारख्या काही नव्या यंत्रांचे सेल मात्र वेगळे असतात. तिथे खालची धुण्याची पद्धत न वापरता त्यांच्याच माहितीपुस्तिकेप्रमाणे जावं.

विजेचा खर्च फार नाही, यंत्र साधारण एका छोट्या बल्बइतकी वीज घेतं. पण ते ब्लोअर फिरत असतानाच काम करतं. थर्मोस्टॅटवर पंखा ‘ऑटो’वर असेल तर ऑक्टोबर आणि एप्रिलच्या सुखद दिवसांत, जेव्हा हीटिंगही नसतं आणि एसीही नसतो, तेव्हा हवा मुळीच साफ होत नाही. ॲलर्जीच्या मोसमात पंखा ‘ऑन’वर ठेवावा.

किती दिवसांनी धुवायचं

उत्पादक साधारण एक ते सहा महिने सांगतात. एवढ्या मोठ्या टप्प्याचं कारण घराघरातला फरक. आपल्या घरांचं गणित तेलावर ठरतं. रोजची फोडणी, आठवड्यातून एकदा तळण, आणि वर मायक्रोवेव्हखालचा तो हूड जो हवा बाहेर न टाकता पुन्हा स्वयंपाकघरातच सोडतो, असं असेल तर पत्र्यांवर तेलाचा चिकट थर बसतो. कोरडी धूळ पाण्याने निघते, तेलात बसलेली निघत नाही. जुनं झालेलं तेल तर कढईच्या बाहेरच्या बाजूसारखं पिवळट, कडक होतं आणि मग कोणत्याही साबणाला दाद देत नाही. उदबत्ती-धुपाची काजळी फार बारीक असते. हे यंत्र ती चांगली पकडतं, पण तीही त्याच थरात जाऊन बसते.

म्हणून आमचा सल्ला कॅलेंडरपेक्षा डोळ्यांवर विसंबण्याचा. पहिले तीन महिने दर तीन आठवड्यांनी सेल काढून टॉर्चच्या उजेडात पाहा. पत्र्यांवर राखाडी मखमलीसारखा थर दिसला की धुवा, आणि डक्टवर मास्किंग टेप चिकटवून त्यावर तारीख लिहा. दोन-तीन नोंदींत तुमच्या घराचं अंतर कळतं. रोज फोडणीच्या घरात ते बहुधा सहा ते आठ आठवडे निघतं. दिवाळीचा फराळ झाला की आठवड्याभरात धुवून टाका, तेल कडक व्हायच्या आत. वणव्याचा धूर आला, जसा सप्टेंबर २०२० मध्ये बे एरियात किंवा जून २०२३ मध्ये न्यूयॉर्क-न्यू जर्सीत आला होता, तर दर आठवड्याला पाहा.

धुण्याची पद्धत

लागणाऱ्या वस्तू: डिशवॉशरची साबणाची पावडर (जेलपेक्षा पावडर बरी), रबरी हातमोजे, दोन जुने टॉवेल, टॉर्च. पत्र्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, आणि ही पावडर भांड्यांच्या साबणापेक्षा बरीच तीव्र असते. हातमोजे दोन्हींसाठी.

१. यंत्राचा स्विच बंद करा, थर्मोस्टॅटवरून पंखा बंद करा, आणि फर्नेसचा ब्रेकरही पाडा. मग निदान अर्धा मिनिट थांबा. पॉवर सप्लायमध्ये साठलेला भार उतरायला वेळ लागतो.

२. दार उघडल्यावर, प्लास्टिकच्या मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने भारित पत्रा आणि सेलची बाहेरची चौकट एकत्र टेकवा. उरलेला भार असेल तर बारीक ‘टच’ होऊन उतरेल.

३. प्रीफिल्टर आणि सेल बाहेर ओढण्याआधी फोटो काढा. बाण कुठे आहे, हँडल कोणत्या बाजूला आहे, कोणता सेल पुढे होता. पुढच्या अर्ध्या चुका या एका फोटोने टळतात.

४. बाथटबमध्ये टॉवेल अंथरा, म्हणजे टबाला ओरखडे पडणार नाहीत. सेल बुडेल इतकं नळाचं सगळ्यात गरम पाणी घ्या. एका सेलमागे अर्धा ते पाऊण कप पावडर, आधी पूर्ण विरघळवून. पावडर तशीच पत्र्यांवर टाकली तर ॲल्युमिनियमवर डाग पडतात.

५. सेल बुडवून १५ ते २० मिनिटं ठेवा. अधूनमधून वरखाली हलवा. ब्रश फिरवू नका. तारा तुटतात आणि पत्रे वाकतात. रात्रभर भिजत ठेवण्याचा मोहही टाळा, कारण तीव्र साबण ॲल्युमिनियम खातो आणि पत्रे काळे पडतात.

६. पाणी सोडा, टब विसळा, पुन्हा गरम पाणी भरून १० मिनिटं. पत्र्याला बोट लावल्यावर बुळबुळीत लागत असेल तर आणखी एकदा. साबणाचा उरलेला थर ओलावा धरून ठेवतो, आणि तोच नंतर तडतडीचं कारण होतो.

७. सेल सगळ्या बाजूंनी तिरपा करून निथळवा. पत्र्यांना धरून ठेवणाऱ्या पोकळ नळ्यांत बरंच पाणी अडकून राहतं.

८. तारा आणि पांढरे इन्सुलेटर मऊ कापडाने हलकेच पुसा. तारांवर पांढरी बुरशीसारखी वाढ दिसली तर ती बहुधा सिलिकाची असते. केसांचे सीरम, फर्निचर पॉलिश, वंगणाचे स्प्रे यांतल्या सिलिकॉनची वाफ तारेवर येऊन अशी जमते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओल्या केलेल्या कापडाने ती निघते, आणि अल्कोहोल पूर्ण उडाल्याशिवाय यंत्र लावू नका.

९. पूर्ण वाळवा. हिवाळ्यात गरम हवेच्या झरोक्याजवळ उभा ठेवला तर काही तासांत वाळतो. दमट उन्हाळ्यात एक रात्र लागते.

सेल वाळत असताना थंडी असेल तर फर्नेस चालू ठेवायला हरकत नाही. फक्त प्रीफिल्टर लावा, दार बंद करा, आणि क्लीनरचा स्विच बंद ठेवा.

डिशवॉशरमध्ये धुवावं का? अनेक मॉडेलांची पुस्तिका परवानगी देते. वरचा ट्रे काढून सेल खाली आडवा, बाण वर करून ठेवायचा, फवाऱ्याचे हात मोकळे फिरतात का पाहायचं, आणि वाळवण्याचं चक्र लागायच्या आधी थांबवायचं. त्या उष्णतेने उरलेली घाण भाजून बसते आणि प्लास्टिकचे भाग वाकू शकतात. उघडताना नळ्यांतलं उकळतं पाणी अंगावर सांडू शकतं. आमचं मत विचाराल तर तेलकट घरासाठी टबच बरा. तेलाची काजळी डिशवॉशरच्या आतल्या भिंतीला बसते आणि मग तो रिकामा एकदा-दोनदा चालवावा लागतो.

धुताना पाण्याचा रंग बघा. तीन महिन्यांनी धुतलं आणि पाणी चहासारखं काळपट निघालं तर यंत्र काम करतंय. पाणी स्वच्छच राहिलं तर आनंद मानू नका, कारण तुमचं यंत्र बहुधा कित्येक आठवडे बंद आहे.

परत लावताना

बाण हवेच्या दिशेने, म्हणजे रिटर्नकडून ब्लोअरकडे. उलटा लावलेला सेल बसतो, दिवाही लागतो, पण धूळ आधी पत्र्यांतून जाते आणि भार नंतर चढतो. भारित झालेले कण मग डक्ट, झरोके आणि भिंतींवर चिकटतात. छतावर झरोक्याभोवती काळे पट्टे दिसू लागले तर पहिली शंका हीच घ्या. सेलच्या टोकाचे स्प्रिंगसारखे संपर्क पुसून, वाकले असतील तर हळूच सरळ करून मगच दार लावा. दार पूर्ण बसलं नाही तर आतला सुरक्षा-स्विच वीज सोडत नाही.

पहिली पाच-दहा मिनिटं थोडी तडतड झाली तर कुठेतरी ओल राहिली आहे. स्विच बंद करा, पंखा तसाच चालू ठेवा, दोन तासांनी पुन्हा लावून पाहा.

दिवा लागत नाही

आधी थर्मोस्टॅटवरून पंखा ‘ऑन’ करा. ब्लोअर फिरतोय हे यंत्राला कळावं लागतं. काही ठिकाणी फर्नेसच्या बोर्डावरच्या ‘ईएसी’ (इलेक्ट्रॉनिक एअर क्लीनर) टर्मिनलवरून पंखा सुरू असतानाच १२० व्होल्ट येतात, काही ठिकाणी डक्टमध्ये वाऱ्याने हलणारी पट्टी किंवा सेन्सर असतो. बऱ्याच ‘बिघाडां’त पंखाच बंद असतो.

पंखा चालू आहे, स्विच चालू आहे, दार नीट बसलं आहे, तरी दिवा नाही? यंत्र प्लगवर असेल तर प्लग काढून त्याच जागी साधा टेबललॅम्प लावा. लॅम्प लागला नाही तर दोष यंत्राच्या आधी आहे: ब्रेकर, फर्नेसचा बोर्ड किंवा रिले. फर्नेस नुकताच बदलला असेल तर नवीन बोर्डावर ईएसीची तार जोडायचीच राहिली, असंही घडतं.

वीज येत असेल तर पुढची तपासणी सगळ्यात उपयोगी आहे. सगळं बंद करा, अर्धा मिनिट थांबा, भार उतरवा, दोन्ही सेल काढा, रिकामंच दार लावून यंत्र सुरू करा. दिवा लागला तर पॉवर सप्लाय ठीक आहे आणि कुठला तरी सेल शॉर्ट झालाय. आता एकेक सेल लावून पाहा. ज्याने दिवा विझतो तो दोषी. सेल नसतानाही दिवा लागला नाही तर दोष दाराचा सुरक्षा-स्विच, यंत्राचा स्विच, फ्यूज किंवा पॉवर सप्लाय यांपैकी एकात. दिव्याचं वागणं मॉडेलनुसार थोडं बदलतं, म्हणून तुमच्या पुस्तिकेतली त्याची ओळ एकदा वाचून ठेवा.

दिवा लागतो, पण काम होत नाही

टेस्ट बटण दाबलं की ठिणगीचा ‘टक्’ आवाज यायला हवा. तो आला नाही तर उच्च दाब सेलपर्यंत पोचत नाही. संपर्क वाकलेले किंवा जळलेले आहेत का, दोन सेलांमधला जोड लागतो का हे आधी पाहा. मग तारा मोजा. एखादी तार नसेल तर तेवढ्या पट्ट्यातून धूळ निसटते. सगळं ठीक दिसूनही आवाज नाही, तर पॉवर सप्लाय कमकुवत झालेला असतो.

इथे एक इशारा. हा दाब साध्या मल्टिमीटरने मोजू नका. घरगुती मीटर ६०० किंवा १,००० व्होल्टपर्यंतचे असतात. हजारो व्होल्टला ते जळतात आणि हातात फुटू शकतात. त्यासाठी उच्च दाबाचा खास प्रोब लागतो, आणि तो नसेल तर एचव्हॅकवाल्याला (फर्नेस-एसी दुरुस्त करणाऱ्याला) बोलवा.

सतत तडतड

दिवसातून चार-सहा वेळा ‘टक्’ होणं स्वाभाविक आहे, मोठा कण किंवा किडा पत्र्यांत अडकून जळतो. सतत तडतड म्हणजे एकाच जागी ठिणगी पडतेय. सेल काढून टॉर्चने पाहा. जिथे ठिणगी पडते तिथे पत्र्यावर बारीक खड्डा किंवा जळका ठिपका असतो.

बहुतेक वेळा सेल मळलेला किंवा ओला असतो. त्याखालोखाल वाकलेला पत्रा. तो आइस्क्रीमच्या काडीने किंवा पातळ लाकडी पट्टीने हलकेच सरळ करा, दोन्ही बाजूंची फट सारखी दिसेपर्यंत. तुटलेल्या तारेचं टोक वाऱ्याने हलून पत्र्याला लागतं, तेही कारण असतं. इन्सुलेटरवर झाडाच्या फांद्यांसारखी काळी रेघ दिसली तर ती कार्बनची वाट आहे. पुसून गेली नाही तर इन्सुलेटर बदलावा लागतो, कारण वीज त्याच वाटेने पुन्हा जाते.

ह्युमिडिफायर क्लीनरच्या आधी, रिटर्नमध्ये बसवलेला असेल तर कितीही धुवा, तडतड परत येते. ओलावा आणि पाण्यातले क्षार दोन्ही सेलवर येतात. तो हवेच्या दिशेने क्लीनरच्या पुढे, म्हणजे क्लीनरनंतर, हलवणं हाच इलाज.

सेल शॉर्ट आहे का हे मात्र मल्टिमीटरने पाहता येतं, अर्थात बाहेर काढलेल्या, धुतलेल्या, कोरड्या सेलवर. मीटर ओह्मवर ठेवा. तारांचा संपर्क आणि चौकट, मग भारित पत्र्यांचा संपर्क आणि चौकट. दोन्हीकडे वाट पूर्ण तुटलेली दिसायला हवी. कुठेही आकडा आला तर तिथे काहीतरी टेकलंय. पण मीटर ‘ठीक’ म्हणाला म्हणून सेल निर्दोष ठरत नाही. मीटरची बॅटरी काही व्होल्टची असते, आणि जो इन्सुलेटर तिला अडवतो तो ६ हजार व्होल्टला सोडू शकतो.

तार बदलणं

मॉडेल नंबर देऊन योग्य लांबीच्या तारा मागवा, साधी तांब्याची तार चालत नाही. तुटलेल्या तारेचा प्रत्येक तुकडा आधी बाहेर काढा, आत राहिलेला अर्धा इंचही शॉर्ट करतो. नव्या तारेचं एक टोक स्प्रिंगच्या हुकात अडकवा, दुसऱ्या बाजूची स्प्रिंग बारीक नाकाच्या पकडीने दाबून दुसरं टोक अडकवा, मग हळूच सोडा. तारेला मोड पडू देऊ नका, मोडावर ठिणगी पडते. नवी तार येईपर्यंत, तुकडे काढून टाकलेल्या सेलवर यंत्र काही दिवस चालवलं तरी चालतं.

वास

विजा चमकून गेल्यावर येतो तसा तिखट वास म्हणजे ओझोन. थोडा ओझोन हे यंत्र नेहमीच बनवतं, पण वास येण्याइतका बनत असेल तर सतत ठिणग्या पडताहेत, तारा मळल्यात, किंवा पंख्याचा वेग फारच कमी आहे. कॅलिफोर्नियाने घरातल्या हवाशुद्धी यंत्रांसाठी ०.०५० पीपीएमची मर्यादा घातलेली आहे. घरात कुणाला दमा असेल तर कारण सापडेपर्यंत यंत्र बंदच ठेवा. आणि हे लक्षात असू द्या की मसाल्याचा वास, रंगाची वाफ, कार्बन मोनॉक्साईड हे वायू आहेत. त्यांतलं काहीही हे यंत्र पकडत नाही. फर्नेस असलेल्या घरात कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म वेगळा हवाच.

दुरुस्ती की बदल

पत्रे खड्ड्यांनी भरलेत, इन्सुलेटर जळलेत आणि पॉवर सप्लायही गेलाय, अशी तिन्ही कारणं जमली तर जुन्या यंत्रात पैसे घालू नयेत. त्याच जागी ४ किंवा ५ इंच जाडीचा, मर्व्ह (फिल्टर किती बारीक धूळ पकडतो याचा दर्जा) ११ ते १३ चा घडीदार फिल्टर बसणारा डबा घ्यावा. सेलच्या रिकाम्या खाचेत १ इंची स्वस्त फिल्टर सरकवून देऊ नका. बाजूच्या मोकळ्या जागेतून हवा तशीच निघून जाते आणि फिल्टर नावापुरता उरतो. जाड फिल्टर मात्र हवा अडवतो, म्हणून बसवणाऱ्याला आधी आणि नंतर डक्टमधला स्टॅटिक प्रेशर (ब्लोअरला सोसावा लागणारा हवेचा दाब, तो इंच पाण्यात मोजतात) मोजून लिहून द्यायला सांगा. घरगुती फर्नेसला तो साधारण अर्धा इंच पाण्याच्या आत लागतो. आकडा त्यावर गेला तर कमी मर्व्हचा किंवा मोठ्या क्षेत्रफळाचा फिल्टर मागा. आणि जुन्या यंत्राकडे येणारी १२० व्होल्टची तार डब्यात लोंबकळत न ठेवता, टोकं झाकून जंक्शन बॉक्समध्ये बंद करून घ्या.